स्नूपीचे जनक चार्ल्स शुल्झ
चार्ली ब्राउन आणि त्याचा कुत्रा स्नूपी आज टी-शर्टवरही भेटतात, पण ते काढणाऱ्या चार्ल्स शुल्झ यांची चिकाटी माहीत असायलाच हवी! मिनेसोटातल्या एका न्हाव्याचा हा मुलगा. (चार्लीचे वडीलही न्हावीच!) २ ऑक्टोबर १९५० रोजी चार्ली-स्नूपीची 'पीनट्स' ही त्यांची कॉमिक स्ट्रिप सात अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू झाली. २००० पर्यंत १७,८९७ स्ट्रिप्स निघाल्या. कल्पना, रेखाटन, शाई, संवादांच्या फुग्यांतली अक्षरंसुद्धा त्यांचीच. हाताखाली कुणी नाही. १९८१च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर हात थरथरायला लागला, तरी पेन दुसऱ्याकडे दिलं नाही. नंतरच्या स्ट्रिप्स जरूर जवळून बघा. रेघ चक्क कापत जाते, आणि मला ती आधीच्या सफाईदार रेघेपेक्षाही जास्त आवडते.