प्रतापगडची शाळा आणि धानाचा हंगाम

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड येथे, इटियाडोह धरणाच्या परिसरात, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत स्थापन झाली. उंच, थंड पठारावर सातू पिकविणाऱ्या या लोकांना येथे धानाची शेती नव्याने शिकावी लागली.

वसाहतीबरोबर शाळाही आली. भारत सरकारने १९६१ साली स्थापिलेल्या केंद्रीय तिबेटी शाळा प्रशासनाचा हेतू दुहेरी होता : मुलांना आधुनिक शिक्षण मिळावे आणि त्यांची भाषा व संस्कृतीही टिकावी.

केवळ शेतीवर भागत नाही; म्हणून तिबेटी वसाहतींतील अनेक कुटुंबे हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकावयास जातात. नेमकी त्याच सुमारास धानाची कापणी-मळणी येते. आईबाप परगावी, शेतावर माणसे अपुरी आणि मुले आजी-आजोबांपाशी. अशा दिवसांत शाळा हाच मुलांचा मोठा आधार असतो. शिकलेले तरुण बाहेर पडू लागल्याने भारतातील अनेक तिबेटी शाळांचा पट घटत आहे. शाळा ओस पडली, तर वसाहतही फार काळ नांदणार नाही.

ग्रामसेवकांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. अशा गावी सभा हिवाळ्यात न भरविता खरिपापूर्वी भरवावी. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचे बी टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे, हे प्रात्यक्षिक शाळेच्या अंगणात करून दाखवावे. मुले ते घरच्या वडीलधाऱ्यांस त्यांच्याच भाषेत समजावून सांगतील.