कोणतं मालेगाव? दिवाळीच्या हंगामात घरच्या संगणकावर इंटरनेट वापरताना

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळी जवळपास एकाच वेळी येतात. मळणी होते, माल बाजार समितीत जातो, हर्रास होतो आणि वर्षातला मोठा पैसा त्याच काही आठवड्यांत खात्यात जमा होतो. खर्चही तेव्हाच निघतात : कपडे, किराणा, रब्बीचं बियाणं, पुण्या-मुंबईहून घरी येणाऱ्या मुलांची तिकिटं. यातली बरीच कामं आता घरच्या संगणकावर होतात. खात्यात पैसा आहे, घरात घाई आहे आणि मोबाइलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो आहे, हे फसवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असतं.

म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सांगतो. आधी पैसा कसा सांभाळायचा ते, आणि मग सुट्टीत संगणकावर काय मजा करता येईल ते.

पत्त्याचं शेवटचं टोक वाचा

मालेगाव म्हटलं की नाशिककडच्या माणसाला एक गाव आठवतं आणि वाशिमच्या माणसाला दुसरं. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे, तसंच अंतरिक्ष पार्श्वनाथांचं शिरपूर वाशिम जिल्ह्यात आहे. कारंजा इथेही आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. पाकिटावर नुसतं गावाचं नाव लिहिलं तर पत्र भलतीकडे जाऊ शकतं. गाव नेमकं कोणतं, हे पत्त्याच्या शेवटी लिहिलेला जिल्हा सांगतो.

संकेतस्थळाच्या पत्त्याचंही असंच असतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता दिसतो. त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या (सुरुवातीच्या जोड रेघा सोडून द्या) आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. मालक कोण, ते उजव्या टोकावरून कळतं. डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो.

उदाहरण पाहा. स्टेट बँकेचा पत्ता आहे ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’. आता समजा, ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट दिवाळीगिफ्ट डॉट टॉप’ अशी लिंक आली. सुरुवात अगदी खऱ्यासारखी आहे, पण शेवट ‘दिवाळीगिफ्ट डॉट टॉप’ असा आहे. म्हणजे हे पान बँकेचं नाही, ‘दिवाळीगिफ्ट’ हे नाव विकत घेणाऱ्या कोणाचं तरी आहे.

इथे संगणकाचा एक मोठा फायदा आहे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांब पत्ता अर्धाच दिसतो, संगणकावर तो पूर्ण दिसतो. शिवाय लिंकवर क्लिक न करता माउसचा बाण नुसता तिच्यावर धरला, तरी ती कुठे नेणार तो पत्ता पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसतो. पैशाचं काम शक्यतो संगणकावर करावं, ते यासाठीच.

लक्षात ठेवायच्या दोन खुणा

पहिली खूण सरकारची. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असेल तर ते सरकारी संकेतस्थळ. ही नावं खासगी माणसाला विकत मिळत नाहीत.

दुसरी खूण बँकेची. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो आणि तो देण्याचं काम हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. तुमच्या बँकेचं नवं नाव एकदा पासबुकावर लिहून ठेवा.

दोन अपवाद माहीत असू द्या. रेल्वे तिकिटांचं आयआरसीटीसी ‘सीओ डॉट इन’वर आहे आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ ‘डॉट कॉम’वर. हे शेवट कोणालाही विकत मिळतात. म्हणून अशी संकेतस्थळं दर वेळी शोधत बसू नका. एकदा खात्री करून ब्राउझरमध्ये बुकमार्क करा आणि पुढे तिथूनच उघडा.

पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुम्ही पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, ते सांगत नाही. चोरालाही कुलूप मिळतं.

दिवाळीत हमखास येणारे सापळे

१. बक्षिसाची लिंक. ‘दिवाळीनिमित्त मोफत भेट, पाच प्रश्नांची उत्तरं द्या आणि वीस जणांना पाठवा.’ २०२२ च्या दिवाळीआधी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने अशाच लिंकबद्दल सावध केलं होतं. त्यातल्या बऱ्याच लिंकचा शेवट ‘डॉट सीएन’, ‘डॉट एक्सवायझेड’ किंवा ‘डॉट टॉप’ असा होता. लिंक भाच्याने पाठवली म्हणून खरी होत नाही. त्यालाही ती कोणीतरी पाठवलेलीच असते.

२. पत्रिकेच्या वेशातली फाइल. तुळशीचं लग्न झालं की पत्रिका सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका, पीएम किसान किंवा वाहनाचं चलान अशा नावाची फाइल येते आणि तिचा शेवट ‘डॉट एपीके’ असतो. ती पत्रिका नसते, ते मोबाइलमध्ये बसणारं अ‍ॅप असतं. तुमचे ओटीपीचे मेसेज ते वाचू शकतं. संगणकावर याच जातीची फाइल ‘डॉट ईएक्सई’ असते. विंडोज सहसा फाइलच्या नावाचा शेवट लपवतं, त्यामुळे ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा, म्हणजे पूर्ण नाव दिसेल. नियम इथेही तोच : शेवटचं टोक वाचा.

३. शोधून काढलेला ग्राहक सेवा क्रमांक. सामान आलं नाही म्हणून आपण गुगलवर कंपनीचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. वर दिसणारे निकाल अनेकदा जाहिराती असतात. नंबर नेहमी कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. समोरच्याने ‘एनीडेस्क’ किंवा ‘टीमव्ह्यूअर’सारखं काही उतरवून घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. अशा अ‍ॅपने तुमचा पडदा त्याच्या हातात जातो.

४. पैसे घेण्यासाठी पिन. ‘मालाचे पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

हंगामाची तीन कामं

*भाव पाहणं.* पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीवार रोजची आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर दिसतात. पाहताना ‘सर्वसाधारण’ दराकडे लक्ष द्या. जास्तीत जास्त दर एखाद्याच चांगल्या ढिगाला मिळालेला असू शकतो. वाशिम, कारंजा आणि रिसोडचे आठवडाभराचे दर एका वहीत किंवा एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लिहिले की माल कुठे न्यायचा ते ठरवणं सोपं जातं. सोबत हमीभावाचा रकाना ठेवा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता.

*सातबारा.* ‘महाभूमी’च्या सरकारी संकेतस्थळावर सातबारा नुसता पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा, म्हणजे सरकारी कामाला चालणारा उतारा १५ रुपयांत मिळतो. कोणी ‘अर्जंट उताऱ्या’चे शे-दोनशे मागत असेल, तर पत्त्याचा शेवट पुन्हा वाचा.

*रेल्वे तिकीट.* वाशिम हे अकोला-पूर्णा मार्गावरचं स्टेशन. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. परतीच्या प्रवासाच्या तारखेतून ६० दिवस मागे मोजा आणि तो दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघतं. ही पडताळणी सवडीने आधीच उरकून घ्या.

घराबरोबर संगणकाचीही झाडलोट

विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीसारखी मिळणं थांबलं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय दिली, पण ती आपणहून नोंदवावी लागते. संगणक जुना असेल आणि विंडोज ११ त्यावर चालत नसेल, तर बँकेची कामं त्यावर करायची की नाही, याचा विचार करा.

सुट्टीत मुलं संगणकावर बसणारच. त्यांच्यासाठी वेगळं खातं काढा आणि ते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ठेवू नका. मग तुमचा पासवर्ड टाकल्याशिवाय फुकटच्या गेमला संगणकभर हातपाय पसरणं अवघड जातं.

लक्ष्मीपूजनाला हिशेबाची वही पुजतात. त्याच दिवशी संगणकातला हिशेब, कागदपत्रं आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवायची रीत लावून घ्या. वर्षातून एक दिवस तरी न चुकता होईल. काम झालं की पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. तो संगणकाला लावलेला राहिला, तर व्हायरस आला किंवा वीज पडली तेव्हा दोन्ही एकदम जातील.

आता थोडी मजा

*स्वतःच्या शब्दांत शुभेच्छा.* फिरून आलेलं चित्र पुढे ढकलण्यापेक्षा चार ओळी मराठीत लिहा. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की ‘फोनेटिक’ कीबोर्ड मिळतो. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करा, मराठी शब्द उमटतो. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. विंडोज आणि टिंब दाबलं की छोट्या चित्रांची पेटी उघडते. त्यात पणतीही सापडेल.

*‘किशोर’चे जुने अंक.* बालभारतीचं हे मुलांचं मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. आईबाबांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून मुलांना दाखवा. दुपार सहज निघते.

*आपला जिल्हा शोधा.* वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. पण १९०५ पर्यंतही वाशिम जिल्हाच होता आणि इंग्रज त्याचं नाव ‘बी-ए-एस-आय-एम’ असं लिहीत. हे जुनं स्पेलिंग अवतरण चिन्हांत टाकून शोधा. आजच्या स्पेलिंगने न सापडणारे जुने नकाशे आणि गॅझेटियर पुढे येतात. मग ‘वत्सगुल्म’ शोधा. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच गावी लावलं आहे. मुलांना प्रत्येकी एक नाव द्या आणि भाऊबीजेपर्यंत कोण जास्त माहिती काढतं ते पाहा.

*आजीचा आवाज.* मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. तांड्यावर दिवाळीच्या अमावास्येला मुली दिवे घेऊन घरोघरी ‘मेरा’ मागायला जातात, गोरबोलीत गाणी म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना येणारी गाणी त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ती संगणकात घ्या आणि फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, तांडा व तारीख लिहा. कोणत्याही बोलीतली गाणी, ओव्या, उखाणे असेच जपता येतात. नाव न घातलेली फाइल पाच वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही.

तरीही पैसे गेलेच तर

लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. हा ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठीचा देशभराचा मदत क्रमांक आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतात. तुमची तक्रार वेळेत पोचली तर ते वाटेतच गोठवता येतात, म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. मग ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर लेखी तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. मेसेज, लिंक, फोन नंबर यातलं काही पुसू नका. तोच पुरावा असतो.

१९३० हा आकडा आजच एका चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवा. त्याखाली आणखी तीन शब्द लिहा : शेवटचं टोक वाचा.