जिजाई कुठं गेली?

आषाढीच्या सकाळी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘संत तुकाराम’चा एक तुकडा आला. मी तेव्हा कळंबला आत्याकडं चहा घेत होतो. फोन तिच्या हातात दिला. तिनं दोनदा बघितलं आणि विचारलं, “आरं, जिजाई कुठं गेली?”

तुकोबांची बायको जिजाई कापली गेली होती. १९३६ सालचा हा चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत बसवलेला. फोन उभा धरतात, म्हणून कुणीतरी त्याच्या दोन्ही कडा छाटल्या होत्या आणि वर रंगही चढवला होता. उपरणं केशरी, आभाळ निळंशार. मधोमध तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस तेवढे गात होते. बाजूची, जिजाई झालेली गौरी गायब. या चित्रपटाचा निम्मा जीव तर गौरीत आहे. आजारी पोराला ओढत देवळात नेणारी, हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारणारी जिजाई तिनं उभी केली. आत्यानं ती लहानपणी येडेश्वरीच्या जत्रेत, येरमाळ्याला, तंबूत पाहिली होती. बसायला पोतं घरून न्यायचं, एवढं तिला अजून आठवतं.

रंगाचं मला जास्त लागलं. बिचाऱ्यांकडं तेव्हा रंग नव्हता, असं समजून आपण तो भरतो. पण हा चित्रपट काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीनं १९३३ सालीच ‘सैरंध्री’ रंगीत करून पाहिला होता. त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्यानंतर तीन वर्षांनी ‘संत तुकाराम’ आला, तो कृष्णधवल. विष्णुपंत दामले यांच्यासोबत तो दिग्दर्शित करणारे फत्तेलाल हाडाचे चित्रकार. भिंतीवरची सावली, कपाळावरचा उजेड, काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा हेच त्यांचे रंग. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. आज ॲप क्षणात त्यावर केशरी ओततं आणि ती सावली पुसली जाते.

नावांचंही तेच. बीज आणि वृक्षाची उपमा असलेलं या चित्रपटातलं गाणं शांताराम आठवले यांनी लिहिलं. ते इतकं अस्सल उतरलं की लोकांनी ते तुकोबांचाच अभंग मानलं. कवीला याहून मोठी दाद कोणती? पण ग्रुपवर ते तुकोबांच्या नावानं येतं तेव्हा आठवल्यांचं नाव त्यातून कायमचं गळतं.

तरीही हे तुकडे फिरू नयेत, असं मी म्हणणार नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, झटकन पेट घेणारी. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू होईपर्यंत कित्येक चित्रपट नुसत्या हेळसांडीनं गेले होते. पुढं २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा जळाला. जे वाचलं ते कळंबच्या ओसरीवर बसून बघता येतं, हे फेसबुक-यूट्यूबचं देणंच आहे. कायद्याचीही आडकाठी नाही. आपल्याकडं चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे ‘संत तुकाराम’ कधीचाच सगळ्यांचा झाला. हक्क सुटला म्हणून श्रेय सुटत नाही. तुकडा पुढं पाठवताना खाली चित्रपट, साल, दिग्दर्शक, नट, गीतकार अशी एक ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरतं.

त्या दिवशी ग्रुपवर मी तशी ओळ टाकली आणि सोबत अख्ख्या चित्रपटाचा दुवा. पुणे, लातूर, दुबईहून अंगठे आले. आत्यानं मात्र खरोखर चित्रपट लावला. तांब्याला फोन टेकवून, दोन संध्याकाळी मिळून तिनं तो पुरा बघितला. देवळातला प्रसंग आला तेव्हा तिनं स्वयंपाकघराकडं हाक मारली, “सुनबाई, गॅस बारीक कर अन् ये. जिजाई आली.”