नवी कॅमेरा बॉडी घ्यायची का? आधी हे मोजा

मार्च जवळ आला आणि ग्रँटमध्ये पैसे उरले, की लॅबमध्ये हा प्रश्न निघतोच. तुम्ही कीटकांच्या, पानांच्या फोटोंवरून मोजमापं करणार असाल, तर आधी थोडं गणित करा.

निकॉन डी७५० (२०१४) २४ मेगापिक्सेलचा, डी८५० (२०१७) ४५ चा. जवळपास दुप्पट वाटतं ना? पण आडवे पिक्सेल ६०१६ वरून ८२५६ होतात, म्हणजे लांबीच्या मोजमापात फायदा १.३७ पटच.

तोही लेन्सने साथ दिली तर. अख्खा कीटक फोकसमध्ये यावा म्हणून आपण एफ/२२ लावतो. तिथे विवर्तनामुळे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होतो. डी७५० चा पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, डी८५० चा ४.३. म्हणजे नवी बॉडी तोच धूसर ठिपका जास्त पिक्सेलमध्ये दाखवणार.

मग ठरवायचं कसं? मायक्रोमीटर स्केलचा फोटो एफ/८ आणि एफ/२२ वर काढा. एफ/८ ला रेषा सुट्या दिसल्या, तर बॉडी ठीक आहे. फोकस स्टॅकिंग शिका. एफ/८ लाही पिक्सेलच अपुरे पडत असतील किंवा कमी उजेडात नॉइज आड येत असेल, तर खुशाल नवी घ्या.

फक्त एक करा. थीसिसच्या मध्येच बॉडी बदललीत, तर काही नमुने दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपून ठेवा. पिक्सेलचं माप आणि रंग दोन्ही बदलतात. नाहीतर कॅमेऱ्यातला फरक तुम्ही कीटकातला फरक म्हणून लिहाल.