स्वस्तातला घडीचा चाकू कोणता घ्यावा? (आणि तुलना नेमकी कशी करावी)



गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरने मला एक एक्सेल शीट पाठवली. घडीचे अकरा चाकू आणि प्रत्येकासमोर किंमत, वजन, पात्याची लांबी, पोलादाचं नाव, लोकांनी दिलेले स्टार. शेवटच्या रकान्यात सगळ्याची गोळाबेरीज करून १०० पैकी गुण. खाली एक ओळ : "दादा, दोन हजारांच्या आत बसवायचंय. रोज बॅगेत राहील आणि हरिश्चंद्रगडालाही चालेल असा. पहिला आलेला मागवू का?"

मी म्हटलं, थांब जरा. शीट मेहनतीने केली होती, त्यात वाद नाही. पण हीच चूक मी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये केली होती. जे सहज मोजता येतं ते आधी मोजलं आणि प्रश्न नंतर शोधत बसलो. तुमच्यापैकी बरेच जण नेट-पेट झाल्यावर प्रपोजल लिहायला बसाल, म्हणून आज चाकूच्या निमित्ताने तुलनेबद्दल बोलू. स्टायपेंडमधले दोन हजार वाचले तर तेवढाच फायदा.

१. आधी प्रश्न ठरवा

"चांगला चाकू कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाही. कशासाठी, कुठे आणि कोणाच्या हातात, हे कळल्याशिवाय "चांगला" या शब्दाला अर्थच नाही. मी त्याला आठवडाभर एक यादी करायला सांगितली : आज चाकू हवा असं कधी कधी वाटलं? यादी आली ती अशी : कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, पेरू, सुतळी, बॅगेच्या पट्ट्याचं सुटलेलं टोक. यातल्या कशालाही तीन इंचांहून लांब पातं लागत नाही. शीटमध्ये मात्र लांब पात्याला जास्त गुण होते!

आता "कुठे" याकडे या. इथे खरी गंमत आहे.

शस्त्र कायद्याखालच्या नियमांत परवान्याच्या यादीत येतात ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती, तीही घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची सोडून. खिशातला छोटा चाकू त्यात बसत नाही. बहुतेक जण इथेच वाचन थांबवतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघू शकतात, आणि त्या कलमातल्या वस्तूंच्या यादीत चाकूही आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने जात असाल तर बॅग रोज एक्स-रे मशिनमधून जाते. तिथे चाकू घेऊन सोडतील हे गृहीत धरू नका.

आणि ट्रेक? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडा. कलम २ मधल्या "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख आहे आणि तिथे लांबीची कसलीही अट नाही. कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. आता नकाशा आठवा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वसईजवळचं तुंगारेश्वर, पनवेलजवळचं कर्नाळा. आणि आमच्या गड्याचा हरिश्चंद्रगड येतो कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात.

म्हणजे ज्या कामासाठी शीटमध्ये निम्मे गुण राखून ठेवले होते, तिथे तो चाकू न्यायचाच नव्हता. हे कळायला एकही चाकू विकत घ्यावा लागला नाही. प्रयोगाआधी वाचन करा असं गाइड सांगतात ते याचसाठी.

२. काय काय बदलतंय ते लिहून काढा

उरला रोजचा वापर आणि अभयारण्याबाहेरची शेतं, नदीकाठचे कॅम्प. तिथल्यासाठी तुलना करताना लोक पोलादाच्या नावावर भांडतात. पण एकाच वेळी निदान चार गोष्टी बदलत असतात.

पोलाद : स्वस्त चिनी बनावटीच्या चाकूंवर बरेचदा "८-सीआर-१३-एमओव्ही" असं कोरलेलं असतं. म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. कार्बन जास्त असला की पोलाद कडक करता येतं आणि त्यात कार्बाइडचे कठीण कण तयार होतात. पण ते कण क्रोमियमही खातात, आणि गंजाशी लढायला उपयोगी पडतं ते कणांबाहेर उरलेलं क्रोमियम. म्हणून डब्यावरची टक्केवारी पाहून गंजाचा अंदाज बांधता येत नाही.

उष्णतेची प्रक्रिया : तेच पोलाद एका कारखान्यात नीट कडक होतं, दुसऱ्यात नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या छोट्या चाकूंची पाती रॉकवेल मापनात ५६ च्या आसपास ठेवलेली असतात. फार कडक नाहीत, पण साध्या दगडावर पटकन धार येते. हा दोष आहे की गुण, ते तुमच्याकडे दगड आहे का यावर ठरतं.

आकार : फ्रान्सचा ओपिनेल घ्या. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं ८.५ सेंटिमीटर, धारेकडे निमुळतं आणि पातळ. हा चाकू गंजणाऱ्या कार्बन पोलादात मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. मूठ बहुधा बीच लाकडाची. मुलुंड-भांडुपच्या जुलैत हे लाकूड फुगतं आणि पातं उघडायला नखं लागतात. युरोपात बसून लिहिलेल्या तुलनेत हा रकाना दिसणार नाही.

खटका : छोट्या व्हिक्टोरिनॉक्सला खटका नसतो, पातं पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. ओपिनेलला १९५५ पासून फिरवायची कडी आहे. बिनखटक्याच्या एका चाकूच्या टोकाने मी एकदा शहाळं खरवडत होतो. पातं मिटलं ते बोटावर. तीन टाके पडले. चाकू वाईट नव्हता. टोकाने दाबायचं काम त्याचं नव्हतंच.

३. माझी फसलेली चाचणी

मित्रांकडून तीन स्वस्त चाकू गोळा केले. नावं मुद्दाम सांगत नाही, अ, ब, क म्हणू. सुतळी कापत गेलो, कोण आधी बोथट होतो ते पाहिलं. 'क' आपटला. मी निष्कर्षही लिहून टाकला : पोलाद खराब.

मग रूममेटने विचारलं, "तिघांची धार सुरुवातीला सारखी होती का?"

नव्हती. मी मोजत होतो ती कारखान्यात ज्याने धार लावली त्याची मेहनत. त्यात कोनाचाही फरक होता. हिशेब करून पाहा : एका बाजूचा कोन १५ ऐवजी २० अंश ठेवला, तर धारेच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर पातं सुमारे ३६ टक्के जाड होतं (टॅन २० भागिले टॅन १५). जाड पाचर सुतळीत जास्त अडते. यात पोलादाचा काही संबंध नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला सगळं नव्याने केलं. तुम्हीही करू शकता :

तिन्ही पात्यांना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावा. कोन हाताने ठरवू नका. पात्याची रुंदी गुणिले साइन कोन, तेवढी पाठ दगडापासून वर उचलायची. २० मिलिमीटर रुंद पातं, १५ अंश म्हणजे ५.२ मिलिमीटर. तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत पाठीखाली धरा. धारेवर मार्करची शाई लावली की दगड नेमका कुठे लागतोय ते दिसतं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर लाकडी पाट ठेवा, त्यावर सुतळी. चाकू न ओढता सरळ खाली दाबा. सुतळी तुटते त्या क्षणी काटा किती ग्रॅम दाखवतो ते टिपा. पात्याचा एकच ठराविक भाग वापरा. सुतळी एकाच गुंडीची घ्या आणि ती कोरडीच असू द्या.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. अ, ब, क याच क्रमाने गेलात तर 'क'च्या वाट्याला नेहमी दमलेला हात येतो. आकडे लिहिणाऱ्याला कुठला चाकू चाललाय हे कळू देऊ नका.

यावेळी 'क' मधल्या नंबरवर आला. पण आकडे इथे छापत नाही, कारण माझ्याकडे प्रत्येकाचं एकच पातं होतं. त्याच कंपनीचा पुढचा चाकू असाच निघेल, हे मी एका नमुन्यावरून सांगू शकत नाही. एका चाकूवर पन्नास वेळा सुतळी कापली म्हणून नमुने पन्नास होत नाहीत. प्रबंधात हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं.

उद्योगात यासाठी ठरलेली पद्धत आहे, आयएसओ ८४४२ चा पाचवा भाग. यंत्रात पातं धार वर करून धरतात, त्यावर सिलिका मिसळलेल्या कागदाचा गठ्ठा ५० न्यूटन जोराने दाबून ६० वेळा पुढे-मागे कापतात आणि दर वेळी किती खोल कापलं ते मोजतात. पहिल्या तीन फेऱ्यांतून सुरुवातीची धार कळते, सगळ्यांची बेरीज केली की धार किती टिकली ते. "धारदार" आणि "धार टिकणारा" हे दोन वेगळे आकडे आहेत, हे इतकं स्वच्छ मला यातूनच कळलं.

४. गुणांची बेरीज करू नका

शेवटचा मुद्दा. शीटमध्ये वजन, धार, गंज, किंमत यांचे गुण सरळ मिळवले होते. म्हणजे हलका असला की गंजणं माफ! पण काही गोष्टी अटी असतात आणि काही पसंती. अटी आधी लावा : नेता येईल का, टोकाने दाबायचं असेल तर खटका आहे का, पावसाळ्यात रोज पुसून तेलाचा हात फिरवायची तयारी नसेल तर स्टेनलेस आहे का. जे यातून गळतात ते गळले. उरलेल्यांत हवी तर तुलना करा.

आमच्या ज्युनिअरच्या अकरांतले तीन उरले. त्यातला सगळ्यात लहान आणि साधा, बिनखटक्याचा, त्याने घेतला, कारण पेरू आणि सुतळीला तेवढं पुरतं. तो घरीच टेबलाच्या खणात असतो. उरलेल्या पैशात एक धार लावायचा दगड आला. हरिश्चंद्रगडावर तो कात्री-चाकूशिवाय गेला, कांदे खालच्या गावातच चिरून डब्यात भरले.

तुमच्या प्रपोजलमध्ये "तुलनात्मक अभ्यास" हे शब्द असतील तर आज रात्री एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा : माझा प्रश्न काय, एकाच वेळी काय काय बदलतंय, आणि माझे खरे नमुने किती. तिसऱ्या ओळीवर अडलात तर उद्या सकाळीच गाइडकडे जा. डेटा गोळा झाल्यावर जाण्यापेक्षा ते बरं.