जुनी हायब्रिड मोटार पारखताना

अमेरिकेत शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या तरुणापुढे राहत्या जागेच्या खालोखाल जो प्रश्न उभा राहतो तो मोटारीचा. न्यूयॉर्कसारखी मोजकी शहरे सोडली तर त्या देशात मोटारीवाचून दूध आणावयासही जाणे कठीण. नवी गाडी घेण्याइतकी शिल्लक हाती नसते, म्हणून तो जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतो. आणि चार वर्षे आधी तेथे गेलेला एखादा गाववाला त्याला सांगतो, ‘प्रायस घे, पेट्रोल लागतच नाही म्हण.’ इकडे इंदूरला किंवा बडोद्याला ही वार्ता दूरध्वनीवरून वडिलांना कळते, आणि त्यांच्या मनात पहिली शंका येते ती बॅटरीची. बारा-पंधरा वर्षे वापरलेली, निम्मीशिम्मी विजेवर चालणारी गाडी. तिची बॅटरी बसली तर सारे पैसे पाण्यात! मित्राच्या सल्ल्यात आणि वडिलांच्या शंकेत, दोहोंतही तथ्य आहे. पण दोहोंपैकी एकही गोष्ट पुरती खरी नाही.

टोयोटा कंपनीची प्रायस ही गाडी जपानात डिसेंबर १९९७ मध्ये प्रथम विक्रीस आली. मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारे हॅचबॅकचे रूप तिला मिळाले ते २००३ साली, दुसऱ्या पिढीत. तिसरी पिढी २००९ मध्ये आणि चौथी २०१५ च्या अखेरीस निघाली. जुन्या बाजारात अल्प भांडवलाच्या गिऱ्हाइकासमोर प्रामुख्याने येतात त्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील गाड्या, आणि येथील विवेचन मुख्यतः त्यांनाच लागू आहे. भारतात तिसऱ्या पिढीची प्रायस २०१० साली आली खरी. परंतु परदेशातून तयार आणलेली असल्याने ती इतकी महाग पडली की रस्त्यावर क्वचितच दिसली.

या गाडीला भिंतीतील विजेचे बटण लागत नाही. तिच्यातील सारी शक्ती अखेर पेट्रोलमधूनच येते; विजेचे काम इतकेच की एरवी वाया जाणारी शक्ती साठवून ठेवावी आणि एंजिन जेथे कमजोर पडते तेथे हात द्यावा. एंजिन, जनित्र आणि विजेची मोटर ही तिन्ही ग्रहमालेसारख्या रचलेल्या दंतचक्रांच्या एकाच जुळणीत गुंफलेली आहेत. मधले सूर्यचक्र जनित्राशी, भोवतीचे कडे मोटरीशी व चाकांशी, आणि दोहोंमध्ये फिरणाऱ्या ग्रहचक्रांचा सांगाडा एंजिनाशी जोडलेला असतो. नेहमीचा क्लच नाही आणि पायरीपायरीने बदलावयाचे गिअर नाहीत. एंजिन चालू करणारी वेगळी स्टार्टर मोटरही नाही. म्हणजे जुन्या गाडीत हटकून बिघडणाऱ्या दोन-तीन वस्तू या गाडीत मुळी अस्तित्वातच नाहीत, ही गोष्ट बॅटरीची धास्ती घेणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. ब्रेक लावला की मोटर उलट जनित्राचे काम करून गतीची वीज बनविते. सिग्नलपाशी गाडी थांबली की एंजिन बंद पडते, आणि पुन्हा निघताना पहिली काही पावले ती विजेवरच टाकते.

यावरून हे सहज कळेल की या गाडीची काटकसर थांबत-निघत जाण्यात आहे. साधी मोटार शहरात अधिक पेट्रोल पिते आणि हमरस्त्यावर कमी. प्रायसचे गणित याच्या उलट. अमेरिकन सरकारच्या चाचणीत तिसऱ्या पिढीचे मान शहरात गॅलनला ५१ मैल आणि हमरस्त्यावर ४८ मैल ठरले, म्हणजे अनुक्रमे लिटरला सुमारे २१.७ व २०.४ किलोमीटर. दुसऱ्या पिढीच्या आकड्यांची कथा अधिक बोधक आहे. प्रथम तिच्यावर शहरासाठी ६० मैलांची चिठ्ठी लावण्यात आली होती. घेणाऱ्यांना तेवढे मान पडेना, तक्रारी झाल्या. वातानुकूलन, थंडी आणि भरधाव वेग यांचा हिशेब धरणारी नवी पद्धत २००८ सालच्या गाड्यांपासून लागू झाली, आणि त्याच गाडीचा शहरातील आकडा ४८ वर उतरला. गाडी तीच, मोजमाप निराळे. जपानातील त्या वेळच्या चाचणीत तर तीच गाडी लिटरला ३५.५ किलोमीटर देत असे! विक्रेता कोणता आकडा सांगतो आहे, कोणत्या देशाचा आणि कोणत्या सालचा, हे विचारल्यावाचून तो आकडा कवडीमोलाचा आहे.

गाडीच्या दर्शनी पडद्यावर उमटणारा आकडाही पुष्कळदा थोडा फुगलेला असतो. खरे मान काढावयाचे तर टाकी भरावी, चाललेले अंतर लिहून ठेवावे आणि पुन्हा भरताना किती पेट्रोल मावले ते पाहावे. दुसऱ्या पिढीच्या अमेरिकन गाड्यांत मात्र येथेही एक गंमत आहे. त्यांच्या पेट्रोलच्या टाकीत एक लवचीक पिशवी बसविलेली आहे. थंडीत ती आखडते आणि टाकीत मावणारे पेट्रोल दर खेपेस बदलते. एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नये, चार-पाच खेपांची सरासरी धरावी. गाडी घेण्याआधी हे गिऱ्हाइकाला शक्य नसते हे खरे. परंतु मालकाने असा हिशेब ठेवला असेल तर ती वही गाडीच्या चकाकीपेक्षा मोलाची समजावी.

मग बचत किती? वर्षाला २०,००० किलोमीटर चालणाऱ्या माणसाची गोष्ट घ्यावी. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीला १,००० लिटर लागतील. साडेबारा देणाऱ्या साध्या गाडीला १,६००. फरक वर्षाला ६०० लिटरांचा, त्या दिवसाच्या भावाने गुणून पाहावा. मात्र प्रतिलिटर किलोमीटरचा आकडा फसवा असतो. आठाची गाडी सोडून बाराची घेतली तर याच अंतरात आठशेहून अधिक लिटर वाचतात; सोळाची सोडून विसाची घेतली तर केवळ अडीचशे. आधीच काटकसरी छोटी गाडी बाळगणाऱ्याने हायब्रिडसाठी जादा पैसे मोजताना हे गणित कागदावर मांडावे. आणि ज्याचा रोजचा प्रवास मोकळ्या हमरस्त्यावरचा, एका वेगाने तासभर जाण्याचा आहे, त्याला ब्रेकमधून वीज मिळणार कोठून? त्याचा लाभ निम्म्यावर येतो. पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्याचेही तसेच, कारण थंड एंजिन गरम करण्यातच पेट्रोल खर्ची पडते. यावर उपाय म्हणून दुसऱ्या पिढीच्या अमेरिकन गाड्यांत गरम शीतकद्रव तीन दिवसांपर्यंत जपणारा चक्क एक थर्मास बसविलेला होता.

सुखसोयींच्या बाबतीत ही गाडी बाहेरून वाटते त्याहून मोठी आहे. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २.७ मीटर अंतर असल्याने मागे बसणाऱ्यांना पाय पसरावयास जागा मिळते. मागची बाके दुमडली की घर बदलताना लागणारे बरेचसे सामान आत जाते. वातानुकूलनाचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे भर उन्हात एंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. पण उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दुसऱ्या पिढीचे सुकाणूचाक वरखाली होते, जवळ-दूर होत नाही. लांब हातापायांच्या माणसाला पाय सावरले तर हात लांब करावे लागतात आणि हात सावरले तर गुडघे दुमडावे लागतात. तिसऱ्या पिढीत ही खोड काढली आहे. मागच्या काचेच्या मधोमध एक आडवी पट्टी येते व मागचे दृश्य दुभंगते. काहींना याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. खडबडीत रस्त्यावर चाकांचा घरघराट आत येतो. मागच्या चाकांची बांधणी चौथ्या पिढीत बदलली, आणि तो फरक पाठीला जाणवतो. दहा मिनिटांच्या फेरीत यांतले काहीच कळत नाही. निदान तासभर बसावे, आणि शक्य तर रोजच्या रस्त्यावरूनच न्यावी.

चालविण्यात मजा शोधणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असे स्पष्ट म्हटलेले बरे. सुकाणू हलके आहे, पण रस्ता हाताला बोलत नाही. दुसऱ्या पिढीची एकूण शक्ती सुमारे ११० अश्वशक्ती, तिसऱ्या पिढीची १३४. हमरस्त्याच्या प्रवाहात शिरण्यास ती पुरते. मात्र पेडल जोराने दाबले की एंजिन एकदम वरचा सूर धरते आणि गाडीचा वेग मागाहून सावकाश वाढतो. नवख्याला वाटते काहीतरी घसरते आहे. तो दोष नसून त्या दंतचक्रांचा स्वभाव आहे. ब्रेकही प्रथम परका वाटतो, कारण आरंभीचे काम मोटर करते व अखेरचे नेहमीचे ब्रेक. तिसऱ्या पिढीच्या आरंभीच्या गाड्या ब्रेकच्या आज्ञावलीतील दोषामुळे कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या होत्या. तेव्हा अशा गाडीचे ते काम झाले आहे किंवा नाही, हे पाहावे.

आता वडिलांची शंका. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०११ साली दोन लाख मैलांहून अधिक चाललेली २००२ ची प्रायस तपासली. तिचे मान गॅलनला ४०.४ मैल भरले. दहा वर्षांपूर्वी तशाच नव्या गाडीचे भरले होते ४०.६. एका गाडीवरून सगळ्यांचा न्याय करता येत नाही, पण अंतराने बॅटरी मरते हा समज त्यातून ढिला होतो. कारण बॅटरी कधी पुरी भरली जात नाही व पुरी रितीही होत नाही. सुमारे ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच ती राखली जाते. तिला मारतात ते वय, उष्णता आणि पडून राहणे. म्हणून पंधरा वर्षांत थोडीच चाललेली, ऊन खात अंगणात उभी असलेली गाडी पाहून हुरळून जाऊ नये.

बॅटरीला थंडावा देणारी हवा मागच्या आसनाच्या कडेच्या जाळीतून आत ओढली जाते. तेथे धूळ व कुत्र्याचे केस साचले असतील तर आतला पंखा गुदमरलेला असणार. चालविताना पडद्यावरील भरणदर्शक पट्ट्यांवर नजर ठेवावी. चढावर त्या झरझर उतरल्या आणि उतारावर झरझर भरल्या, मागे पंखा घोंघावू लागला, तर बॅटरी थकली आहे. दुसऱ्या पिढीची बॅटरी २८ घटकांची असते. काही विक्रेते त्यांतले मेलेले एक-दोन घटक बदलून धोक्याचा दिवा विझवितात, आणि उरलेले समवयस्क घटक काही महिन्यांत एकामागून एक जातात. ‘बॅटरी नवी आहे’ असे कोणी म्हटले तर पूर्ण नवी की जुळवलेली, याची पावती मागावी. अखंड नवी बॅटरी दोन हजार डॉलरांच्या पुढे जाते. पाच हजारांच्या गाडीत ही रक्कम आधीच वजा धरून भाव करावा.

तिसऱ्या पिढीत तर खरी भीती बॅटरीपेक्षा एंजिनाची आहे. धुराचा काही भाग एंजिनात परत सोडणारी नळी काजळीने तुंबते, आणि अनेक गाड्यांत पुढे एंजिनाच्या माथ्याखालचे गॅसकेट फुटून शीतकद्रव आत झिरपतो. खूण एकच. थंड गाडी चालू करताच क्षणभर ती हाडे खिळखिळी व्हावीत तशी हादरते. गरम झाली की गुण्यागोविंदाने चालते. म्हणून विक्रेत्याला आधी सांगून सकाळी लवकर जावे, बॉनेटवर हात ठेवून एंजिन थंड असल्याची खात्री करावी, आणि मगच बटण दाबावयास सांगावे. त्यानंतर वाकून गाडीखाली पाहावे. धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात पॅलेडियम व ऱ्होडियम असल्याने चोर तो कापून नेतात. त्या जागी स्वस्तातला डबा जोडलेला असेल तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात धुराच्या तपासणीत गाडी अडेल. शेवटी काचेखाली कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक टिपून घ्यावा. केंद्रीय वाहतूक-सुरक्षा खात्याकडे त्यावरून शिल्लक राहिलेल्या दुरुस्त्या कळतात. विद्युत् यंत्रणेच्या आज्ञावलीसाठी २०१४ मध्ये तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख गाड्या जगभरातून परत बोलावण्यात आल्या होत्या. अशी एखादी दुरुस्ती राहिली असेल तर ती विक्रेत्याकडून, व्यवहार होण्यापूर्वीच, करवून घ्यावी.