जनुक पोचेपर्यंत
स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराचे जनुक 1995 मध्ये सापडले आणि त्यावरचा जनुकोपचार, झोलजेन्स्मा, अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाला. मधल्या चोवीस वर्षांचे श्रेय सहसा जनुक पेशींपर्यंत नेणाऱ्या वाहकाला दिले जाते. एएव्ही-9 हा विषाणू शिरेतून टोचला तरी मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत पोचतो, हे 2009 मध्ये उंदरांच्या पिल्लांत दिसले, तेव्हा कोंडी फुटली. श्रेय रास्तच आहे, पण तेवढ्याने निकालांचा उलगडा होत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे सुरू झालेल्या 12 बाळांना मोठी मात्रा मिळाली. त्यांतली 11 आधाराशिवाय बसली, चालली मात्र दोनच. पुढच्या चाचणीत तशाच जनुकीय ठेवणीच्या 14 बाळांना लक्षणे दिसण्यापूर्वीच, वयाच्या सहा आठवड्यांच्या आत, औषध मिळाले. त्यांतली 9 चालली. औषध तेच होते. जनुक पोचेपर्यंत किती चेतापेशी तगल्या होत्या, यावर सारे ठरले.

कंपवाताने हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. न्यूरटुरिन हे पेशीपोषक प्रथिन बनवणारे जनुक मेंदूत सोडण्याच्या चाचणीत 58 रुग्ण होते, काहींवर नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया झाली होती. 2010 मध्ये निकाल आला: वर्षभराने दोन्ही गट सारखेच. मात्रा कमी पडली, जागा चुकली, अशी कारणे पुढे आली, आणि त्यांत तथ्यही असावे. पण 2013 मधल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात निदानानंतर चारेक वर्षांत मेंदूतल्या पुटामेन या भागातले डोपामाइनचे तंतू जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. पोषण द्यायचे तरी कुणाला?

मग एएडीसी या विकराच्या अभावाने आजारी असलेली मुले काही वर्षांची झाल्यावर जनुकोपचार मिळूनही कशी सुधारली, असे कुणी विचारील. त्या आजारात पेशी बहुतांशी शाबूत असतात, फक्त विकर नसते. म्हणजे वयापेक्षा उरलेल्या पेशी महत्त्वाच्या. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारावरील एएमटी-130 या जनुकोपचाराचा 2025 मधला निकाल अधिक अवघड आक्षेप आहे: लक्षणे असलेल्या प्रौढांतही तीन वर्षांत आजाराची गती 75 टक्क्यांनी मंदावल्याचे कंपनीने जाहीर केले. मात्र तीन वर्षे पूर्ण झालेले मोठ्या मात्रेचे रुग्ण 12 आणि तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांशी, शिवाय मंदावणे म्हणजे गेलेले परत येणे नव्हे.

अमेरिकेने 2018 मध्येच स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी नवजात तपासणीच्या शिफारस-यादीत घातली. आपल्याकडे 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या झोलजेन्स्मासाठी सोळा कोटींची लोकवर्गणी आणि करमाफी गाजली. पण औषध फुकट मिळाले, तरी लक्षणे दिसेपर्यंत निदानच होणार नसेल, तर ते उशिराच पोचणार.